भोरडी बघायला

एप्रिल संपत आला की रंकाळा ओकाबोका दिसायला लागतो. पाणी तेच, संध्यामठ तिथंच, केंदाळही आपल्या जागी. पण थंडीभर पाण्यावर जी लगबग असते ती हळूहळू आटत जाते. चपट्या चोचीची थापट्या बदकं दिसेनाशी होतात, काठावरचे धोबी जातात, आणि एका सकाळी दुर्बीण लावावी तर उरलेले सगळे घरचेच. टिबुकल्या, वारकरी, पाणकावळे, आणि कठड्याला टेकून गुडघेदुखीवर बोलणाऱ्या आम्ही.

"गेली का गं तुझी पाव्हणी?" फिरायला येणाऱ्या आमच्या घोळक्यातली एक जण दरवर्षी विचारते.

"गेली."

"कुठं?"

"वर."

हे 'वर' मला वडिलांकडून मिळालं. माझं माहेर शिरोळ तालुक्यात, काळ्या रानाचं. पाखरं उन्हाळ्यात कुठं जातात असं विचारलं की वडील नुसती हनुवटी उचलायचे आणि म्हणायचे, "वर." म्हणजे उत्तरेला की आभाळात, हे त्यांनी कधी फोडून सांगितलं नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर लेकीनं दुर्बीण पाठवली आणि माझ्या हाताला चाळा लागला. पुस्तकं आली, नकाशे आले. तरी मनात ते 'वर' तसंच राहिलं. आपण ज्यांना पाहुणे म्हणतो त्यांचं घर कसं असेल? आपल्याकडे ही पाखरं खातात, झोपतात, अंगावर चरबी चढवतात आणि जातात. घरी ती कशी वागतात? भांडतात का? गातात का?

लेक स्कॉटलंडात ॲबर्डीनला नोकरी करते. ती म्हणाली, "आई, मे महिन्यात ये. आपण चार दिवस वर जाऊ. शेटलंडच्या बेटांवर."

"तिथं आपली बदकं भेटतील?"

"आपली मध्य आशियात नाहीतर सैबेरियात जातात गं. तिथं दुसरे पक्षी."

मी जरा हिरमुसलेच. पण व्हिसा झाला होता. यजमान म्हणाले, "समुद्रच बघायचा तर गणपतीपुळ्याला जाऊन येऊ." ते राहिले घरी. मी दोन किलो भडंग, कांदा-लसूण चटणी आणि एक छत्री घेऊन निघाले. त्यातली छत्री शेटलंडच्या लर्विक बंदरावर उतरल्यावर मिनिटभर टिकली. तिथला वारा आपल्या वाऱ्यासारखा येऊन-जाऊन नसतो, तो तिथं राहायलाच असतो. काड्या उलट्या झालेली छत्री कचऱ्याच्या डब्यात टाकताना शेजारून चाललेल्या एका बाईनं माझ्याकडे असं बघितलं, की ही आजची तिसरी.

ॲबर्डीनहून जहाज संध्याकाळी सातला सुटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमाराला लर्विकला लागतं. कोल्हापूर साधारण सोळा-सतरा अक्षांशावर. ही बेटं साठच्या आसपास. बेटं शंभरावर, माणूस राहतो तो सोळा-एक बेटांवर, आणि सगळी मिळून वस्ती तेवीस हजारांच्या घरात. आपल्याकडं एवढी माणसं एका कुस्तीच्या मैदानाला येतात. पूर्वी ही बेटं नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाची. १४६९ साली मुलीचं लग्न स्कॉटलंडच्या राजाशी ठरलं, हुंड्याला रोकड कमी पडली, म्हणून त्यानं बेटं गहाण टाकली आणि ती कधी सोडवलीच नाहीत. लेकीनं हे जहाजात सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "म्हणजे सगळीकडं सारखंच."

झाड म्हणाल तर जवळजवळ नाहीच. उघडे माळ, दगडी बांध, मेंढरं, आणि मध्येच काळ्या मातीचे चर. ही माती म्हणजे पीट, हजारो वर्षं कुजून दबलेलं शेवाळ आणि गवत. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या विटा कापतात, उभ्या करून वाळवतात, मग रचून ठेवतात आणि थंडीत जाळतात. ते ढीग लांबून बघितले आणि मला शेणींचा हुडवाच आठवला. वासही तसाच, जरा गोडसर धुराचा.

आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण सत्तरीची. पक्ष्यांची पुस्तकी नावं तिला ठाऊक होती, पण तोंडात यायची ती तिथली. सुरय पक्षी तिच्या भाषेत टिरिक. मोठा स्कुआ म्हणजे बॉन्क्सी. फुलमार म्हणजे माली. पफिन म्हणजे टॅमी नॉरी. आणि शाल्डर म्हणजे आपला कालवफोड्या! काळा-पांढरा, गाजरासारखी लांब चोच. हा मी रत्नागिरीच्या बाजूला थंडीत पाहिलेला, भरतीच्या वेळी वाळूत ओळीनं मुकाट उभा, बँकेत पेन्शनच्या दिवशी उभी राहतात तशी माणसं. इथं तोच पठ्ठ्या शाळेच्या मैदानावर, बांधावर, कुंपणाच्या खांबावर बसून असा कल्ला करत होता की शेजारच्याशी बोलायची सोय नाही. कोकणात येणारे पक्षी याच बेटांवरचे असं नाही, त्यांचे रस्ते वेगळे. पण जात तीच. पाहुण्याला त्याच्या घरात पाहिलं की हा आपल्याकडे एवढा गप्प का बसत होता ते कळतं. तिथं त्याचं काही नसतंच ना. इथं त्याची जागा आहे, बायको आहे, अंडी आहेत. म्हणजे भांडणं आलीच.

टिरिकांशी माझी ओळख डोक्यावरून झाली. आर्क्टिक सुरय हा मूठभर पक्षी. दक्षिण ध्रुवाकडचा उन्हाळा संपवून उत्तरेच्या उन्हाळ्यात इथं येतो, पिल्लं काढतो आणि परत जातो. वर्षाकाठी सत्तर हजार किलोमीटर आणि त्याहूनही जास्त उडतो, असं त्यांच्या पायांना बारीक यंत्रं बांधून मोजलेलं आहे. एवढं उडून आलेल्या पाखराच्या अंगणात आपण बूट घालून शिरावं आणि त्यानं गप्प बसावं, ही अपेक्षा चूक. पहिल्या झेपेला टोपी गेली, दुसरीला मी खाली बसले. मालकीणबाईंनी काठी का दिली होती ते तेव्हा समजलं. काठी डोक्यावर उभी धरायची, पाखरू काठीच्या टोकावर राग काढतं.

पफिन बघायला सगळे जातात ते सुंबर्ग हेडला, बेटाच्या दक्षिण टोकावर. रॉबर्ट स्टीव्हन्सननं १८२१ साली बांधलेलं दीपगृह आहे, आणि त्याच्या दगडी भिंतीपलीकडं गवताच्या उतारावर बिळं. मला वाटलं होतं, फोटोत एवढा दिसतो तर निदान कोंबडीएवढा तरी असेल. असतो पारव्याएवढा, चारशे ग्रॅमच्या आसपास. भिंतीपासून दोन हातांवर एक जण बिळात शिरला आणि आतून पायांनी मागं माती उडवायला लागला. ती माती नेमकी बाहेर उभ्या दुसऱ्याच्या तोंडावर. तो तसाच उभा, डोळे मिचकावत. थोड्या वेळानं आतला बाहेर आला, दोघांनी चोचीवर चोच आपटली, आणि आता दुसरा आत गेला. मग पहिल्याच्या तोंडावर माती. हे वीस मिनिटं चाललं होतं. पफिनला मराठीत नाव नाही, असायचं कारणही नाही. पण ते रंगवलेलं तोंड आणि ती चाल बघून मला तमाशातला सोंगाड्याच आठवला. हा रंगही सोंगासारखाच असतो, विणीचा हंगाम सरला की चोचीवरचं ते रंगीत कवच गळून पडतं आणि थंडीभर भर समुद्रात फिक्या तोंडानं दिवस काढतो. त्याचं पोट सँडईल नावाच्या बोटभर मासळीवर. ती कमी झाली की बिळात पिल्लू उपाशी राहतं. मार्च २०२४ पासून स्कॉटलंडच्या पाण्यात तिची मासेमारीच बंद केली आहे. आपल्याकडे असं काही ठरलं असतं तर आधी मोर्चा निघाला असता, असं मनात आलं. मग आठवलं की मोर्चा तिथंही निघत असेल, मला फक्त पफिन दिसले.

मूसा बेटावर रात्री जायचं होतं. पहिल्या रात्री वाऱ्यामुळं होडी सुटली नाही. दुसऱ्या रात्री सुटली. रात्र म्हणायची आपली पद्धत म्हणून. दहा वाजून गेले होते आणि पेपर वाचता येईल एवढा उजेड होता. या उजेडाला ते लोक 'सिमर डिम' म्हणतात. ना दिवस ना रात्र, देवळाच्या गाभाऱ्यात समईचा असतो तसा एकसारखा मंद उजेड, सगळ्या आभाळभर.

बेटावर दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडी बुरूज आहे, तेरा मीटर उंच. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. पन्हाळ्याजवळ राहणाऱ्या माणसाला तटबंदीचं कौतुक सहसा वाटत नाही, पण या बुरजाच्या भिंतीत आवाज होता. दगडाला कान लावला. आतून घरघर येत होती, लांब, न थांबणारी, पहाटे शेजारच्या घरात जात्यावर दळण चालावं तशी. आणि मध्येच एक उचकी. परत घरघर. परत उचकी. लेक म्हणाली, स्टॉर्म पेट्रेल. पंचवीस ग्रॅमचं पाखरू, चिमणीएवढं, जन्म सगळा भर समुद्रात काढतं आणि अंडं घालायला तेवढं जमिनीवर येतं. तेही रात्री, कारण दिवसा आलं तर मोठे गल आणि बॉन्क्सी फाडून खातात. साडेअकरानंतर समुद्राकडून एकेक काळा ठिपका वटवाघळासारखा गिरक्या घेत आला आणि दगडांच्या फटीत नाहीसा झाला. एक माझ्या कानाजवळून गेलं. आवाज नाही, नुसती हवा हलली आणि माशाच्या तेलासारखा वास आला. मी बराच वेळ भिंतीला कान लावून उभी होते. आईचं दळण असंच ऐकू यायचं, आम्ही अंथरुणात असताना. उचकी मात्र नसायची.

तिसऱ्या दिवशी दोन छोट्या बोटी बदलून अन्स्टला गेलो, ब्रिटनमधलं वस्तीचं सगळ्यांत उत्तरेचं बेट. हरमानेसच्या कड्यावर गॅनेट पक्ष्यांनी सगळा दगड पांढरा केलेला, आणि समोर खडकावर मकल फ्लगाचं दीपगृह. त्याच्यापलीकडं वस्ती नाही. म्हणजे हेच ते 'वर', असं म्हणून मी खाली बसले आणि भडंगाची पुडी सोडली. बॉन्क्सी फारसे दिसले नाहीत. हा पक्षी दुसऱ्यांना छळून त्यांच्या तोंडचा घास पळवतो, त्यामुळं मला त्याच्याबद्दल प्रेम वाटायचं काही कारण नव्हतं. पण २०२१ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लूनं त्यांची दाणादाण उडवली. पुढच्या वर्षी मोजणी झाली तेव्हा ब्रिटनमधले तीन-चतुर्थांश गेले होते. लाकडी पायवाटेवर भेटलेला एक जण म्हणाला, पूर्वी इथून चालताना डोकं वाचवावं लागायचं. ते सांगताना तो डोक्यावरून हात फिरवत होता आणि वर बघत होता. आभाळ रिकामं होतं.

चौथा दिवस परतीचा. जहाज संध्याकाळी होतं, सकाळ मोकळी. नाश्त्याला मालकीणबाई म्हणाल्या, अर्ध्या तासावरच्या एका गावात कुणाच्या तरी परसात दुर्मीळ पक्षी आलाय, तिच्या फोनवर सकाळपासून तेच चाललंय. लेकीनं लगेच गाडी काढली.

गाव कसलं, सात-आठ घरं. एका घराच्या दगडी बांधाशी बारा-पंधरा माणसं ओळीनं उभी. तिकाटण्यावर दुर्बिणी, एवढाल्या भिंगांचे कॅमेरे, कुणी बोलत नाही. घरची बाई थर्मासमधून चहा देत होती आणि बॅनॉक, म्हणजे जाड भाकरीसारखा एक प्रकार, लोणी लावून. एका माणसानं तर त्यासाठी आदल्या रात्री जहाज धरलं होतं. मला वाटलं, असेल काहीतरी ध्रुवाकडचं, बर्फातलं. पांढऱ्या दाढीच्या एका आजोबांनी सरकून जागा दिली, मी त्यांच्या दुर्बिणीला डोळा लावला.

परसात साळुंक्यांच्या जातीच्या काळ्या ठिपकेदार स्टार्लिंगांचा थवा, आणि त्यांच्या मध्ये, टांगलेल्या चरबीच्या गोळ्याला टोचा मारत, एक गुलाबी भोरडी.

मी डोळा काढला, पुसला, परत लावला. भोरडीच.

आजोबांनी हळूच विचारलं, तुम्ही हा पक्षी पूर्वी पाहिलाय का?

मी म्हटलं, हजारो.

दोन-तीन माना वळल्या. त्यांना वाटलं, बाईंना इंग्रजीत आकडे नीट येत नसावेत. मग मी सांगायला लागले. आमच्याकडं पावसाळ्यात यायला लागतात, एप्रिलपर्यंत असतात. पळस-पांगारा फुलला की झाडावर, आणि शाळू दाण्यावर आला की शाळवावर. आभाळातून काळा ढग उतरावा तसा थवा बसतो आणि उठतो तेव्हा कणसं रिकामी. मग तुम्ही काय करता, कुणीतरी विचारलं. खोटं कशाला बोलायचं? गोफणीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला सुचेना, म्हणून हात डोक्यावर गरागरा फिरवून दाखवला.

सगळा थवा भुर्रकन उडाला. भोरडीसकट.

शांतता म्हणजे काय ते मी त्या बांधावर अनुभवलं. कुणी काही बोललं नाही; ते लोक बोलतच नाहीत, तेच वाईट. जहाजानं आलेला माणूस माझ्या हाताकडं बघत होता. लेक दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असल्यासारखी लांब जाऊन उभी राहिली. मी पिशवीतनं भडंगाची पुडी काढली आणि सगळ्यांपुढं फिरवली. काय करणार? तिखटानं दोघांना ठसका लागला, पण जरा वातावरण हललं. आणि दहा-बारा मिनिटांनी थवा परत आला, गुलाबी पाखरू मधोमध.

त्यानंतरचा तास मी हललेच नाही. खरं सांगायचं तर साठ वर्षांत मी भोरडी अशी पाहिलीच नव्हती. पाहिले होते ते थवे. आपल्याकडं असतात तेव्हा पिसंही मळकट, धूळ बसल्यासारखी. विणीच्या दिवसांत हा रंग चढतो. छाती-पाठ जांभळ्या कमळाच्या आतल्या पाकळीसारखी गुलाबी, डोकं आणि पंख काळेभोर, त्यावर निळसर झाक, आणि डोक्यावर लोंबता तुरा. तो तुरा वाऱ्यानं सारखा डोळ्यावर येत होता आणि ती मान झटकून मागं टाकत होती. बाकीचे स्टार्लिंग हिला मध्येच ढोसत होते. तीही वळून चोच वासत होती. घाबरलेली वाटली नाही, पण तिच्याजवळ तिचं असं कुणी नव्हतं. भोरडीच्या जवळ भोरडी नाही, हे चित्रच मला चुकल्यासारखं वाटत होतं. एकटीला ओळखायचं कशावरून, असं होत होतं.

लेकीनं तेवढ्यात फोनवर शोधलं. भोरडीची खरी विणीची जागा मध्य आशियातला गवताळ माळ, टोळ-नाकतोडे जिकडं उदंड तिकडं. चीनच्या शिंजियांगमध्ये ती टोळ खाते म्हणून लोक तिला घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात. एखाद्या वर्षी काही पाखरं विणीची जागा सोडून पश्चिमेकडं उडतच राहतात, त्यातलं एखादं इथवर पोचतं. मी आजोबांना विचारलं, ही परत कशी जाईल? त्यांनी खांदे उडवले आणि आपला डोळा परत दुर्बिणीला लावला.

दुर्बिणीतून काढलेला फोटो मी तिथूनच दादाला पाठवला. शिरोळला दुपार होती. दोन मिनिटांत फोन.

"भोरडी हाय की ही."

"हो."

"तिथं बी आलीया?"

"एकच आलीया. सगळी बघायला जमल्यात. एक जण रातभर जहाजातनं आलाय."

दादा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "एकच? त्येंला म्हणावं आमच्याकडनं न्या. पोत्यानं देतो." आणि मग, "तू भोरडी बघायला इमानानं गेलीस व्हय गं?"

हे वाक्य तेव्हापासून घराण्यात चालू झालंय. लग्नात, बारशात, कुणी ना कुणी मला विचारतंच. मीही आता विमानाच्या तिकिटाचा आकडा सांगून टाकते, म्हणजे पुढची चर्चा लवकर संपते.

जानेवारीत माहेरी गेले होते. आता उसामुळं शाळू फारसा राहिलेला नाही, दादा घरच्या भाकरीपुरता दोन एकर करतो. कणसं भरली होती. दादा पंच्याहत्तरीला टेकला, तरी राखणीला माळ्यावर स्वतःच बसतो. मीही शेजारी चढून बसले, दुर्बीण घेऊन. आठच्या सुमाराला भोरड्या आल्या. आधी आवाज, मग सावली, मग पलीकडचा कोपरा सगळा काळा. दादानं गोफणीत गुंडा भरला.

"थांब," मी म्हटलं, "आधी एकदा बघ तर," आणि दुर्बीण त्याच्या हातात दिली.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, उलटी-सुलटी करत एकदाची डोळ्याला लावली. बराच वेळ तशीच. कणसं हलत होती, खाली टपटप दाणे पडत होते, मीच आता अस्वस्थ व्हायला लागले.

"शेंडी हाय की गं हिला," दादा म्हणाला.

"आहे ना."

"कधी बघितलंच न्हाई."

अजून थोडा वेळ त्यानं बघितलं. मग दुर्बीण माझ्या मांडीवर ठेवली, चष्मा खाली घेतला, उभा राहिला आणि गोफण फिरवली.